पायात उतरलेलं रक्त वर कसं चढतं?

पोळपाट | शनिवार, रात्री १०:१५

आईचं नारायण पेठेत छोटं पोळीभाजी केंद्र आहे, २२ वर्षं झाली. पहाटे साडेचारला कणीक भिजते आणि दुपारी दोनपर्यंत आई शेगडीसमोरून हलत नाही. मदतीला दोन मावशी आहेत. त्या कणीक मळतात, भाजी चिरतात, डबे भरतात. लाटणं आणि तवा मात्र आईकडेच. दिवसाला साडेतीनशे-चारशे पोळ्या होतात. पायाखाली शहाबादी फरशी आणि पाय जवळजवळ एकाच जागी.

गेल्या दिवाळीपासून तिचे पाय संध्याकाळी सुजायला लागले. बोटाने दाबलं की खड्डा पडतो आणि तो भरायला वेळ लागतो. डाव्या पोटरीवर शिरा वेटोळ्यांनी फुगून वर आल्यात, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळसर पडलीय. तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. "दिवसभर उभं राहणाऱ्या बाईचे पाय दुखायचेच," एवढंच तिचं म्हणणं.

परवा तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला उभं केलं, मांडीच्या आतल्या बाजूला जेल लावून पेनासारखं एक यंत्र टेकवलं आणि दुसऱ्या हाताने पोटरी दाबली. यंत्रातून वाऱ्याच्या झोतासारखा आवाज आला, हूऽश. मग पोटरी सोडली. पुन्हा आवाज आला आणि या वेळी तो लांबतच गेला. डॉक्टर म्हणाले, "पहिला आवाज रक्त वर जातानाचा. दुसरा यायलाच नको होता. ते रक्त खाली परत येतंय, झडप मिटत नाहीये."

दोन दिवस तो दुसरा आवाज माझ्या कानात आहे.

शाळेतल्या आकृतीत हृदयाकडून शरीराकडे जाणारा एक बाण असायचा आणि शरीराकडून परत येणारा एक. त्या परतीच्या बाणात काय घडतं याचा मी कधी विचारच केला नव्हता. हृदयापासून घोट्यापर्यंत सव्वा मीटर तरी अंतर असेल. रक्त खाली जातं हे कळतं. वर कोण आणतं? हृदय खेचून घेतं का? आणि नुसतं उभं राहिल्याने बिघडतं काय? उपचार डॉक्टर करतीलच. मला हे समजून घ्यायचंय ते आईला समजावण्यासाठी. कारण पटल्याशिवाय ती काही करत नाही.

---

सिंहगडवारी | शनिवार, रात्री १०:५०

आईंना लवकर बरं वाटो. माझ्या सासूबाईंना हाच त्रास होता, त्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. तेव्हा मला प्रश्न पडला होता की पाय दुखत असताना चालायला का सांगतात. इथली उत्तरं वाचायला थांबतोय.

---

निवृत्त_मास्तर | रविवार, सकाळी ७:०५

३१ वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. परतीच्या बाणाबद्दल वर्गात फार थोड्या मुलांनी विचारलं. तुम्ही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थोडे आकडे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. स्वस्थ बसलेलं असताना हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं आणि मिनिटाला ७०-७२ ठोके पडतात. गुणाकार करून बघा, ५ लिटर येतात. म्हणजे अंगातल्या सगळ्या रक्ताएवढं रक्त मिनिटाभरात हृदयातून जातं. दिवसाचे ठोके लाखाच्या घरात.

हृदय म्हणजे शेजारी-शेजारी चिकटलेले दोन पंप. उजवा पंप अंगातून आलेलं रक्त फुप्फुसांकडे पाठवतो. ते अंतर वीतभर, म्हणून तिथला दाबही कमी. डावा पंप फुप्फुसांतून ऑक्सिजन घेऊन आलेलं रक्त डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत पाठवतो. त्यामुळे डाव्या निलयाची, म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची, भिंत उजव्याच्या जवळपास तिप्पट जाड असते. (माझ्या पिढीच्या पुस्तकात निलयाला जवनिका आणि अलिंदाला, म्हणजे वरच्या कप्प्याला, कर्णिका म्हणत. ज्यांना ते शब्द आठवतात त्यांच्यासाठी.)

आता तुमच्या प्रश्नाकडे. डाव्या निलयातून रक्त निघतं तेव्हा दाब १२०/८०, सरासरी ९०-९५ मिमी पारा. मोठ्या रोहिण्यांमध्ये, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्यांमध्ये, तो फारसा उतरत नाही. खरा खर्च होतो तो अगदी बारीक रोहिण्यांमध्ये. त्या आकुंचन पावून कुठल्या अवयवाला किती रक्त द्यायचं ते ठरवतात, नळाच्या तोट्यांसारख्या. पुढे केशवाहिन्यांत शिरताना ३०-३५ दाब उरतो, बाहेर पडताना १५ च्या आसपास. केशवाहिनी इतकी अरुंद की तांबड्या पेशी एकामागून एक, कधी अंग दुमडून पुढे सरकतात. तिथे रक्ताचा वेग सेकंदाला मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी. हा सावकाशपणा हवाच असतो, कारण ऑक्सिजन आणि साखर देणं आणि कार्बन डायऑक्साइड घेणं हा सगळा व्यवहार तेवढ्याच वेळात उरकायचा असतो.

आणि मग उरलेल्या त्या १५ च्या जोरावर रक्ताने पायातून वर यायचं. उजव्या अलिंदाशी दाब शून्याच्या जवळ. म्हणजे परतीच्या प्रवासाला निघताना रक्ताजवळची शिदोरी जवळजवळ संपलेली असते. कुठल्याही क्षणी अंगातलं निम्म्याहून बरंच जास्त रक्त नीलांमध्येच, म्हणजे हृदयाकडे परतणाऱ्या शिरांमध्येच, असतं, याचं कारण हेच. तिथे रस्ते रुंद आणि भिंती सैल.

रक्त फिरून परत येतं हे माणसाला फार उशिरा कळलं. त्याआधी जवळजवळ दीड हजार वर्षं युरोपात गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याचं मत चालत होतं की यकृत अन्नापासून रक्त बनवतं आणि शरीर ते वापरून संपवतं. इटलीत पादुआला फॅब्रिशियस नावाच्या प्राध्यापकाने नीलांमधल्या झडपांचं सविस्तर वर्णन केलं, १६०३ मध्ये ते छापलंही. पण या झडपा खाली जाणाऱ्या रक्ताचा वेग आवरतात, असं त्याला वाटलं. दिशा त्याच्या लक्षात आली नाही. ती आली त्याच्याकडे शिकलेल्या विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरच्या. हार्वीने साधा हिशोब मांडला: एका ठोक्यात थोडंसंच रक्त बाहेर पडतं असं धरलं, तरी अर्ध्या तासात ते अंगातल्या एकूण रक्तापेक्षा जास्त होतं. एवढं रक्त यकृत रोज बनवणार कुठून? ते परत येत असलंच पाहिजे. १६२८ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. मात्र रोहिणीतून नीलेत रक्त नेमकं कुठून जातं, ते त्याला दिसलं नाही. १६६१ मध्ये माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या, तेव्हा हार्वी जाऊन चार वर्षं झाली होती.

हार्वीचा एक प्रयोग घरी करता येतो. हात खाली सोडून मिनिटभर थांबा, म्हणजे मनगटाच्या वरच्या भागातल्या शिरा ठळक दिसतील. एका ठळक शिरेवर मनगटाच्या बाजूला बोट दाबून ठेवा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे रक्त निपटत न्या आणि ते दुसरं बोट उचला. शीर एका ठिकाणापर्यंत भरलेली दिसेल आणि त्याखाली रिकामी, सपाट. जिथे भरलेला भाग थांबतो तिथे झडप आहे. आता मनगटाकडचं बोट उचला. शीर खालून झटकन भरते.

---

पोळपाट | रविवार, सकाळी ८:३०

मास्तर, आत्ता प्रयोग करून बघितला. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. शीर खालूनच भरते, वरून थेंबही येत नाही! आईच्या पोटरीत बिघडलंय ते हेच ना, वरून खाली येऊ न देणं?

---

निवृत्त_मास्तर | रविवार, सकाळी ८:४०

बरोबर तेच.

---

एनआरव्ही | रविवार, सकाळी ११:२०

मास्तरांनी फार छान लिहिलंय. एका मुद्द्यावर भर घालतो, कारण माझं रोजचं काम याच गणिताचं आहे. मी मोठ्या इमारतींच्या एसीसाठी थंड पाण्याच्या पाइपलाइनी डिझाइन करतो. बाणेर-हिंजवडीच्या बऱ्याच इमारतींत असं पाणी फिरतं.

पोळपाट, तुमच्या डोळ्यांसमोर बहुधा सोसायटीची टाकी आहे. खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचं तर मोटरला सगळी उंची उचलावी लागते. एसीचं पाणी बंद वर्तुळात फिरतं. एका पाइपातून जेवढं वर चढतं तेवढंच दुसऱ्या पाइपातून खाली येतं आणि दोन्ही बाजूंचं वजन एकमेकांना तोलून धरतं. तिथे पंपाला इमारतीची उंची मोजावी लागत नाही. तो फक्त पाइपातल्या घर्षणाशी भांडतो. वीस मजली इमारत असली तरी हाच नियम.

रक्ताभिसरण हे असंच बंद वर्तुळ आहे. सव्वा मीटर रक्ताच्या स्तंभाचा दाब साधारण ९० मिमी पारा येतो. उभं राहिल्यावर पायाच्या रोहिणीत हे ९० वाढतात आणि पायाच्या नीलेतही तेवढेच वाढतात. फरक जेवढा झोपलेलं असताना होता तेवढाच राहतो. म्हणजे रक्त वर आणण्यासाठी वेगळा "उचलणारा" लागत नाही. मास्तरांनी सांगितलेली ती १५ ची शिदोरी पुरते.

---

पोळपाट | रविवार, दुपारी ३:१०

मग झडपा कशाला? तुमच्या हिशोबाने त्या नसल्या तरी चालायला हवं.

---

एनआरव्ही | रविवार, दुपारी ४:००

अगदी योग्य प्रश्न, आणि माझ्या उत्तरातली अर्धी बाजू राहिलीच होती.

आमचे पाइप लोखंडाचे असतात, फुगत नाहीत. तुमच्या आईच्या शिरा मऊ आहेत. बंद वर्तुळात प्रवाहाला उंचीची अडचण नसते, पण सगळ्यात खालच्या पाइपावर पूर्ण स्तंभाचा दाब येतोच. आम्हीसुद्धा तळमजल्याला जास्त दाब सोसणारे पाइप आणि व्हॉल्व लावतो. पायाच्या शिरेवर ते ९० येतात आणि ती फुगते. माणूस झोपेतून उठून उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त छातीतून पाय आणि पोटाच्या शिरांत उतरतं. ते हरवत नाही, पण तिथे साठून बसतं आणि हृदयाकडे तेवढं कमी पोचतं.

बिघाड दाबाचा आहे, प्रवाहाचा नाही. दिवसाचे नऊ-दहा तास ९० च्या दाबाखाली असलेली शीर, असं डोळ्यांसमोर आणा.

---

निवृत्त_मास्तर | रविवार, सायंकाळी ६:१५

एनआरव्ही, मनापासून धन्यवाद. मी वर्गात "झडपा रक्त वर चढवतात" असं सांगत आलो. तुमच्यामुळे आज ते नेमकं झालं.

मग तो ९० चा दाब उतरवतं कोण? पोटरी.

पोटरीचे स्नायू एका घट्ट पापुद्र्याच्या पिशवीत असतात आणि मोठ्या खोल शिरा त्या स्नायूंच्या आत-मध्ये. पाऊल उचलताना पोटरी आवळते, शिरा चेंगरतात, रक्त वर ढकललं जातं. पोटरी सैल पडते तेव्हा ते खाली परत येऊ पाहतं आणि झडपेची दोन पानं मिटतात. सव्वा मीटरच्या अखंड स्तंभाचे त्या क्षणी छोटे-छोटे तुकडे होतात. रिकाम्या झालेल्या शिरेत पावलाकडून आणि कातडीखालच्या शिरांमधून रक्त येतं, की पुढचं पाऊल. पाच-दहा पावलांतच घोट्याजवळच्या शिरेतला दाब ९० वरून ३० च्या खाली येतो. थांबलात की काही सेकंदांत पुन्हा चढू लागतो.

सिंहगडवारी, तुमच्या सासूबाईंना चालायला का सांगितलं होतं, त्याचं कारण हे.

तळपायही हातभार लावतो. वजन पडलं की तिथल्या शिरा दाबल्या जातात. आणि श्वास. श्वास आत घेताना छातीतला दाब कमी होतो, छाती आणि पोटामधला स्नायूंचा पडदा खाली सरकून पोटातला दाब वाढतो, त्यामुळे पोटातल्या मोठ्या नीलेतलं रक्त छातीकडे सरकतं. "हृदय खेचतं का?" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर: थोडं. हृदय सैल पडताना किंचित ओढ असते, पण पायापर्यंत पोचेल एवढी नाही. मऊ नळीतून जोराने ओढलं तर नळीच चपटी होते.

---

माजी_सैनिक_खडकी | रविवार, रात्री ९:०५

शिक्षण नसताना हे आम्हाला अनुभवाने कळलं होतं. परेडला तास-तास सावधान उभं राहताना धडधाकट पोरं कोसळायची. उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं: बुटाच्या आत बोटं आवळा-सोडा, पोटऱ्या हळूच ताणा, गुडघे मागे ठोकून ताठ करू नका. बाहेरून कुणाला दिसत नाही. पडलेल्याला लगेच उठवून उभं करायचं नाही, आडवं ठेवून पाय वर धरायचे, हाही नियम होता.

मैल-मैल चालून कुणी असं पडलेलं मला आठवत नाही. उभं राहून पडलेले आठवतात.

---

शब्दवेल्हाळ | रविवार, रात्री ११:३०

वैद्यकीय भर नाही, शब्दांबद्दल. रोहिणी म्हणजे तांबडी आणि नीला म्हणजे निळी, हे दोन्ही शब्द सुश्रुतसंहितेत आहेत. तिथे सिरांचे चार रंग सांगितलेत: वात वाहणाऱ्या अरुणा, पित्ताच्या नीला, कफाच्या गौरी आणि रक्ताच्या रोहिणी. आजच्या मराठीने चारांतले दोन उचलले आणि त्यांना नवा अर्थ दिला. रक्त वाहणाऱ्या "रोहिणी" एवढंच जुन्या अर्थाशी थेट जुळतं.

आणि नीलेतलं रक्त निळं नसतं ना? मुलीने विचारलंय.

---

निवृत्त_मास्तर | सोमवार, सकाळी ६:५०

नसतं. ते गडद तांबडं, काळपट असतं, कारण त्यातला ऑक्सिजन कमी झालेला असतो. कातडीतून प्रकाश जसा शोषला जातो आणि परत येतो त्यामुळे शीर निळसर दिसते. मुलीला सांगा, रक्त तपासायला घेतात तेव्हा नळीत बघ.

---

घरगुती_उपाय | सोमवार, सकाळी ९:४०

रोज रात्री गरम पाण्यात मीठ घालून पाय अर्धा तास बुडवून ठेवावेत, नंतर तिळाच्या तेलाने जोरात रगडावेत. आमच्याकडे सगळ्या दुखण्याला हेच करतात, बरं वाटतं.

---

वाहिनीवैद्य | सोमवार, दुपारी २:२५

मी याच विषयात काम करते, म्हणून वरच्या सल्ल्याबद्दल आधी लिहिते. थकलेल्या पायांना गरम पाणी बरं वाटतं हे खरं आहे. पण उष्णतेने कातडीजवळच्या शिरा पसरतात, म्हणून फुगलेल्या शिरा आणि सूज असताना ते टाळावं. आणि जोरात रगडणं तर मुळीच नको. त्याचं कारण नीट वाचा.

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम किंवा लालसर लागते, तर आतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती सुटली तर कुठे जाईल ते मास्तरांच्या नकाशावर बोट ठेवून बघा. पायाच्या शिरेतून पोटातल्या मोठ्या नीलेत, तिथून उजव्या अलिंदात, उजव्या निलयात आणि तिथून फुप्फुसाच्या रोहिणीत. इथपर्यंत रस्ता रुंद होत जातो. फुप्फुसात तो पहिल्यांदा अरुंद होतो आणि गुठळी तिथे अडकते. अचानक धाप, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त, असं काही झालं तर घरी थांबायचं नाही, तडक हॉस्पिटल. लांबचा विमानप्रवास, पाय प्लॅस्टरमध्ये असणं, मोठ्या ऑपरेशननंतर अंथरुणावर पडून राहणं, या सगळ्यांत धोका वाढण्याचं एक कारण समान आहे: पोटरीचा पंप बंद असतो.

आता पोळपाट यांच्या आईंबद्दल, सर्वसाधारण. त्यांना तपासलेल्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

झडपेची पानं सहसा फाटत नाहीत. शीर रुंद होते आणि पानं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. मग वरचं रक्त खालच्या झडपेवर येतं, तिथली शीर रुंद होते, तीही झडप सुटते. एकीमागून एक. तुम्ही ऐकलेला दुसरा आवाज त्याचाच. झडप नीट असली तरी मिटताना क्षणभर रक्त मागे सरतं, पण अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ सरत राहिलं तर आम्ही ते बिघडलेलं मानतो. घराण्यात असणं, वय, बाळंतपणं, वजन आणि उभ्याचं काम, ही नेहमीची कारणं.

घोट्याजवळचा काळसर डाग हलक्यात घेऊ नका. दाब वाढला की केशवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपतं, ही सूज. रसवाहिन्या हे झिरपलेलं पाणी गोळा करून मानेच्या मुळाशी परत नीलांमध्ये सोडतात, पण त्यांनाही मर्यादा असते. दाब असाच राहिला तर तांबड्या पेशीही बाहेर पडतात, फुटतात, आणि त्यांच्यातलं लोह कातडीत साचतं. तो डाग म्हणजे एका अर्थी लोहाचा गंज. ती कातडी नाजूक झालेली असते. साधं खरचटलं तरी जखम महिनोन्महिने भरत नाही. तुम्ही जखम होण्याआधी त्यांना नेलंत, हे फार चांगलं केलंत.

घट्ट मोज्यांबद्दल एक महत्त्वाची सूचना. ते घोट्याशी सगळ्यात घट्ट आणि वर सैल असतात. रुंद झालेल्या शिरेला बाहेरून आधार देतात. पण पायाच्या रोहिणीचा पुरवठा कमी असेल, विशेषतः मधुमेह किंवा धूम्रपान असेल, तर तेच मोजे पायाला घातक ठरतात. म्हणून आधी पावलाची नाडी तपासून घ्यायची, मापाने घ्यायचे, सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी चढवायचे. दुकानातून अंदाजाने उचलायचे नाहीत.

---

पोळपाट | सोमवार, रात्री ९:५०

डॉक्टर, तुमच्या उत्तराची मी प्रिंट काढली. आईचा एक प्रश्न तिच्याच शब्दांत: "लेझरने ती शीर बंदच करून टाकणार म्हणतात. मग रक्त जाणार कुठून? एक रस्ता बंद केल्यावर दुसरीकडे गर्दी होणार नाही का?"

---

वाहिनीवैद्य | सोमवार, रात्री १०:३०

आईंना माझा नमस्कार सांगा. हा प्रश्न बहुतेक पेशंटच्या मनात असतो आणि फार थोडे विचारतात.

पायातलं सुमारे नऊ-दशांश रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांमधून वर जातं. कातडीखालची शीर उरलेला वाटा नेते. जिची झडप गेलीय ती तर आणत असलेलं रक्तही खाली सोडते, आणि ते पुन्हा खोल शिरांनाच वर न्यावं लागतं. ती बंद केली की खोल शिरांचं काम कमी होतं. मात्र त्या आधी खोल शिरा मोकळ्या आहेत ना हे सोनोग्राफीवर पाहतात. त्या बंद असतील तर गणित वेगळं.

---

माउली_सेवेकरी | मंगळवार, सकाळी ८:१५

पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा आम्ही नाना पेठेत आणि भवानी पेठेत वारकऱ्यांचे पाय दाबून देण्याची सेवा करतो. वाहिनीवैद्य, पाय दाबायचे ते कुठून कुठे? आमच्यातले काही गुडघ्याकडून पावलाकडे हात ओढतात. आणि रगडू नका म्हणालात, त्यामुळे काळजी वाटली.

---

वाहिनीवैद्य | मंगळवार, दुपारी १:४०

पावलाकडून गुडघ्याकडे, हलक्या हाताने, रक्ताच्या आणि रसाच्या वाटेनेच. मसाजआधी दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा. एकच पाय सुजलेला, गरम किंवा दुखरा असेल तर हात न लावता त्यांना वैद्यकीय पथकाकडे पाठवा. फुगलेल्या शिरांवर, डागावर, जखमेवर दाबायचं नाही. मसाजनंतर दहा मिनिटं पाय छातीपेक्षा उंच ठेवायला सांगा. तुमच्या सेवेकऱ्यांना एवढं माहीत असलं तरी पुष्कळ आहे.

---

सिंहगडवारी | मंगळवार, रात्री ८:००

पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी रोज चढतो. आज पहिल्यांदा मध्ये थांबून पोटरीला हात लावला. प्रत्येक पायरीला आवळते, सुटते, आवळते, सुटते. इतकी वर्षं कळलंच नव्हतं की तिथे हे काम चाललंय. बाकी काही सांगायचं नाही, पण लिहावंसं वाटलं.

---

पोळपाट | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:२०

काय झालं ते सांगायला आले.

सोनोग्राफी झाली. खोल शिरा मोकळ्या आहेत. पावलाची नाडी चांगली लागते, साखर नाही. मापाचे मोजे मिळाले. लेझर पुढच्या महिन्यात, पितृपक्षाच्या ऑर्डरी संपल्यावर. ती तारीख आईने ठरवली, डॉक्टरांनी चालेल म्हटलं.

आईला समजावताना सगळ्यात उपयोग झाला एनआरव्हींच्या पाइपांचा. आमच्याकडे गेल्या वर्षी वरच्या टाकीचं पाणी उलटं खाली यायचं, तेव्हा प्लंबरने पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व बदलला होता. "माझ्या पोटरीतला तो व्हॉल्व गेलाय होय," म्हणाली, आणि मग ऐकायला लागली. माजी सैनिक काका, तुमची बुटातल्या बोटांची गोष्ट तिने मावशींना तीन वेळा सांगितली.

ओट्याजवळ उंच स्टूल आणलंय, लाटणं आता बसून होतं. तव्यापाशी उभं राहावंच लागतं. तिथे तिने स्वतःच नियम केलाय: दर विसाव्या पोळीला दहा वेळा टाचा उचलायच्या. वीस पोळ्यांची चळत डब्यात जाते, तेव्हा ते मोजणं तिला वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. दुपारी दुकान बंद झालं की भिंतीला पाय लावून पंधरा मिनिटं पडते.

मी शिवणाच्या टेपने रोज सकाळी आणि संध्याकाळी डाव्या घोट्याचा घेर मोजते. सुरुवातीला संध्याकाळी सकाळपेक्षा अडीच सेंटिमीटर जास्त भरायचा. या आठवड्यात एक सेंटिमीटर. डाग आहे तसाच आहे, तो राहील असं डॉक्टर म्हणालेत.

काल दुपारी आईने कणीक मळणाऱ्या मावशींचा हात धरून हार्वीचा प्रयोग करून दाखवला. मावशींच्या हाताच्या शिरा ठळक, पहिल्याच वेळी झडप दिसली. मग धाकट्या मावशींनी आपली साडी घोट्यापर्यंत वर केली आणि म्हणाल्या, "ताई, माझ्याही पायाला असंच आहे, दोन वर्षं झाली." मंगळवारी त्यांना घेऊन जातेय.